खळ न जळालेलं कापड

हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. अप्पांजवळ नाही, सरोजाक्काजवळ नाही. देवळात जाते, हात जोडते, पण तिथेही तोंड उघडलं नाही — देव काही उलटून विचारणार नव्हता, तरीही. तुमच्याजवळ बोलते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि कुणी ओळखत असलंच तर... असो, ओळखू दे.

आधी भाषेचं सांगते, कारण सुरुवात तिथून झाली. मी कुंभकोणमची. मेलकावेरीत आमचं घर. तंजावरच्या दरबाराबरोबर जी मराठी माणसं इकडे आली त्यांतले आम्ही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. पण आमची मराठी तुमच्यासारखी नाही. ती तेव्हा तिकडून निघाली आणि मग तिची नि तुमची गाठच पडली नाही. तुम्ही 'झालं' म्हणता, आमच्या घरात अजून 'जालें' आहे. मध्येमध्ये तमिळ शब्द येतात, बोलण्याला तमिळ हेल आहे. आत्ता जी लिहिते आहे ती तुमची मराठी. ती मी मोठेपणी शिकले, पुण्याच्या माणसांशी कामापुरतं फोनवर बोलता बोलता. आमची ऐकून तुमच्यापैकी कुणाला हसू आलं, तर मी दोष देणार नाही — नाही, हे खोटं झालं. देते. मी दोष देते. म्हणून तर हे सगळं घडलं.

मी कापडाची इंजिनियर. कोइमतूरच्या गिरण्यांत बरीच वर्षं काढली. आई गेली, अप्पा एकटे पडले, म्हणून परत आले. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे परत येणं सोपं गेलं. दारासुरमच्या रस्त्यावर एक शेड घेतली आणि काचेच्या धाग्याचं कापड विणायला लागले — कारखान्यांच्या धुराड्यांत गाळणीसाठी घालतात ते. दारासुरममध्ये घरोघरी रेशमाचे माग. ज्या घरांतलं रेशमाचं काम आटलं होतं त्यांतल्या काही बायका माझ्याकडे आल्या. सरोजाक्का त्यांतली सगळ्यांत आधीची. काचेचा धागा हाताला खाजतो, बोटं लाल होतात, पहिल्या आठवड्यात निम्म्या बायका सोडून गेल्या. सरोजाक्का राहिली.

मग एक कंपनी आमच्याकडे आली. नाव सांगत नाही. अवकाशात पाठवलेली वस्तू सुखरूप खाली आणणारी एक छोटी कुपी ते बनवत होते. माणूस नसलेली, आत फक्त सामान. आता वरून परत येणारी वस्तू हवेत शिरते तेव्हा इतक्या वेगात असते, की तिच्या पुढ्यातली हवाच दबून आगीसारखी होते. पोलादसुद्धा वितळेल अशी उष्णता. मग आतलं वाचवायचं कसं? कुपीच्या पोटाला असं कवच लावायचं, की ते वरून थोडं थोडं जळत जाईल, जळताना उष्णता घेऊन जाईल, आणि त्याच्या मागची बाजू कोमटच राहील. त्या कवचाचं कापड आम्ही विणणार होतो. क्वार्ट्झच्या धाग्याचं, थरावर थर, आणि थर सुटू नयेत म्हणून वरून खाली आरपार जाणारा धागा. आमच्याकडून ते कंपनीत जायचं, तिथे रेझिनमध्ये, म्हणजे राळेसारख्या चिकट द्रवात, भिजवून कडक करायचं.

एवढं एक लक्षात ठेवा. काचेसारखा धागा मागावर तुटतो, म्हणून त्याला खळ लावलेली असते. विणून झालं की ती खळ काढावी लागते, कापड भट्टीत सावकाश तापवून, जाळून. ती राहिली तर रेझिन धाग्याला धरत नाही. वरून कवच एकसंध दिसतं, आत थर नुसते एकावर एक ठेवलेले असतात. त्या अख्ख्या कंपनीत ही गोष्ट माझ्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती. अज्ञानाची सबब मला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

कवचाचं काम कंपनीतर्फे अनिरुद्ध बघायचा. पुण्याचा, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, हुशार, सतत घाईत. मला अंबुजाताई म्हणायचा. पहिल्यांदा शेड बघायला आला तेव्हा मी त्याला घरी जेवायला बोलावलं. खरं तर अप्पांनी बोलवायला लावलं.

हे तुम्हाला कसं समजावू? अप्पा रेल्वेत होते, आयुष्यभर इकडच्या तमिळ माणसांत वावरले. पण रात्री जेवताना आम्हाला ते मराठीतच बोलायला लावायचे. एखादा तमिळ शब्द आला की थांबवून आपला शब्द सांगायचे. महाराष्ट्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. तिकडचा कुणी माणूस आमच्या घरी कधी पानावर बसला नव्हता. आणि आता पुण्याहून माणूस येणार! दोन दिवस आधीपासून अप्पा मला विचारत होते, त्याला आपली उडदाच्या पिठाची डांगर पचडी आवडेल का, तिखट चालतं का, पान केळीचंच वाढायचं ना. धुतलेली वेष्टी नेसून ते दाराशी उभे राहिले. अनिरुद्ध रिक्षातून उतरला तेव्हा त्यांनी हात जोडून विचारलं — प्रवास सुखाचा जाला काय? मुक्काम कोठें केलात?

अनिरुद्धचा चेहरा उजळला. मला तेव्हा वाटलं, आनंदाने. जेवताना त्याने अप्पांना बोलतं केलं. मग विचारलं, काका, रेकॉर्ड करू का, बायकोला ऐकवतो. अप्पा सावरून बसले. फोनकडे बघत, एखाद्या सभेत बोलावं तसं, आमचं घराणं इकडे कसं आलं ते त्यांनी सांगितलं. शब्द वेचून वेचून. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तो गेल्यावर ते म्हणाले, अंबू, त्याला आपलें सर्व समजलें. संध्याकाळपर्यंत ते हेच म्हणत होते.

पुढे महिनाभराने असेल. दुपारी शेडमध्ये पुण्याच्या टीमबरोबर व्हिडिओ कॉल होता. अप्पा त्या दिवशी माग बघायला आले होते, माझ्या खुर्चीमागे उभे होते. मी कॉल जोडला, माझा कॅमेरा बंद होता, अजून कुणाला नमस्कार केला नव्हता. आणि स्पीकरमधून अप्पांचा आवाज आला. प्रवास सुखाचा जाला काय, मुक्काम कोठें. मग हसणं. चार-पाच माणसांचं. कुणीतरी म्हणालं, पुन्हा लाव. पुन्हा लावलं. मग अनिरुद्धचा स्वतःचा आवाज — अप्पांच्या हेलात, हुबेहूब. म्हणाला, अरे, बखर आहे बखर, फक्त चालती-बोलती. पुन्हा हसणं.

मी कॉल तोडला. मागे वळून बघायला मला वेळ लागला. अप्पा पडद्याकडे बघत होते, तोंडावर हसू होतं. लोक हसले म्हणजे आपणही थोडं हसावं, तसलं. मग त्यांनी तमिळमध्ये विचारलं, ऑटो मिळेल का. माझ्याशी, घरातल्या माणसाशी, अप्पा तमिळ बोलले! मला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदा.

त्या दिवसापासून घरात तमिळ सुरू झाली. मी मराठीत विचारायची, ते तमिळमध्ये उत्तर द्यायचे. रागाने नाही. अगदी सहज, जणू कायमच असं होतं. एकदा मी म्हटलं, अप्पा, मराठी बोला ना. ते तमिळमध्येच म्हणाले की आता शब्द आठवत नाहीत. आईनंतर या घरात ती भाषा आम्हा दोघांचीच उरली होती. आता ती माझी एकटीची झाली. एकट्या माणसाने बोलायची तरी कुणाशी?

अनिरुद्धला यातलं काही माहीत नव्हतं. मी त्याला सांगितलं नाही. का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर तो ओशाळला असता, माफी मागितली असती, आणि प्रकरण मिटलं असतं. मला ते मिटायला नको होतं. मी ते जपून ठेवलं. कॉलवर त्याच्याशी हसून बोलायची, आणि मनात म्हणायची, थांब.

संधी इतकी सोपी येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

कुपी ज्या रॉकेटवरून जायची होती त्याची तारीख पक्की झाली, आणि कंपनीत धावाधाव सुरू झाली. शेवटचं मोठं कापड, प्रत्यक्ष कुपीला लागायचं ते, मागावरून उतरलं तेव्हाच उशीर झाला होता. सरोजाक्काने ते विणलं होतं. जाड, जड, दोघींना मिळून उचलावं लागे. तसलं कापड भट्टीत आधीच्या कापडांपेक्षा जास्त वेळ ठेवायला हवं, कारण मधल्या थरापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो. भट्टी पेटवून झाली आणि अनिरुद्धचा फोन आला. गाडी तुमच्याकडे निघाली आहे, म्हणाला. मग जरा थांबला.

"अंबुजाताई, निम्म्या वेळात भागेल का? तुम्ही नाही म्हणालात तर मी गाडी थांबवतो. इथे सगळ्यांशी भांडेन, पण थांबवतो."

हे त्याचे शब्द जसेच्या तसे आहेत. मी ते मऊ केलेले नाहीत, कडकही नाहीत. त्याने माझ्यावर सोपवलं होतं. माझ्या एका 'नाही'साठी तो सगळ्यांशी भांडणार होता.

"चालेल," मी म्हटलं.

तेव्हा माझ्या मनात काय होतं? गोंधळ वगैरे काही नव्हता. मनात एकदम शांत झालं. खूप दिवस दुखणारा दात पडावा तसं.

इथेच थांबता आलं असतं तर मी कदाचित स्वतःला समजावलं असतं — अंदाज चुकला, बाईमाणूस, घाई होती, असलं काहीतरी. पण मी थांबले नाही. कापड भट्टीतून काढून निवल्यावर मी त्याच्या कडेचा एक तुकडा कापला आणि थर उकलून बघितले. वरचे थर पांढरेशुभ्र. मधले पिवळट, चहा सांडून वाळल्यासारखे. कडेला हे, तर मध्यभागी काय असेल? खळ तशीच होती. आता मला अंदाज नव्हता, मला खात्री होती. गाडी अजून आली नव्हती. फोन हातात होता.

प्रत्येक कापडाबरोबर कंपनीला एक छोटा तुकडा पाठवायचा असे. ते त्यावर रेझिन चढवून आगीच्या झोतात धरायचे, तपासायचे, आणि मगच मोठं कापड वापरायचे. हा तुकडा त्याच कापडातला हवा. मी तो आधीच्या कापडातून कापला, पुरता भाजलेल्या, स्वच्छ कापडातून. पाकिटात घातला. पिवळ्या थरांचा तुकडा शेडमागच्या कचऱ्यात टाकला.

आता कळलं तुम्हाला? गप्प बसणं वेगळं. मी गप्प बसले नव्हते. मी हातात कात्री घेतली होती.

त्यांची तपासणी अर्थातच उत्तम झाली. अनिरुद्धने फोन करून आभार मानले.

कुपी वर गेली, ठरल्याप्रमाणे फिरली, आणि मग परत यायचा दिवस आला. दुपारची वेळ. शेडमध्ये सगळ्या बायका जमल्या होत्या, कंपनीतलं थेट चित्र दाखवणारा लॅपटॉप मागाच्या फळीवर ठेवला होता. सरोजाक्काने सकाळी देवळात कापूर लावला होता, सगळ्यांच्या कपाळाला कुंकू लावत फिरत होती. अप्पाही आले होते. माझी मुलगी अवकाशाचं काम करते, असं ते शेजाऱ्यांना सांगत — तमिळमध्ये.

कुपी हवेत शिरली की थोडा वेळ तिचा आवाज, म्हणजे रेडिओ-संदेश, येत नाही. भोवतीची आग रेडिओ अडवते. हे आधीच सांगितलं होतं, म्हणून सुरुवातीला कुणी घाबरलं नाही. मग ती वेळ संपली. पडद्यावरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कुणीतरी म्हणालं की शेवटच्या आकड्यांत कवचामागे एका बाजूला तापमान चढत होतं. चढायला नको होतं. अनिरुद्ध उठून उभा राहिला, मग बसला, मग पुन्हा उठला. एक तरुण मुलगी कोपऱ्यात रडत होती. नंतर कळलं, कुपीत तिच्या प्रयोगशाळेचे नमुने होते, कितीतरी वर्षांचं काम. तिचं नाव मला आजही माहीत नाही. तिने माझं काही बिघडवलं नव्हतं.

कुपीचा आवाज परत आला नाही. समुद्रात काही सापडलंही नाही.

आणि मला — लिहूनच टाकते — मला आनंद झाला. वाईट वाटलं असं सांगायला मला आवडलं असतं. बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या, सरोजाक्का लॅपटॉपकडे टक लावून बघत होती, आणि मी अनिरुद्धचा चेहरा बघत होते. त्याच्या तोंडावर कसनुसं हसू आलं होतं. माणसाला काय करावं सुचत नाही तेव्हा येतं तसं. अप्पांच्या तोंडावर मी पाहिलं होतं तेच. मी मनात म्हटलं, हं.

चौकशीच्या कॉलवर मी तयारीने बसले होते. तो म्हणणार, मी अंबुजाताईंना विचारलं होतं, त्या हो म्हणाल्या. त्यावर काय बोलायचं, ते मी ठरवून ठेवलं होतं. पण तो तसं म्हणालाच नाही. तपासणीचा तुकडा चांगला निघाला तरी मोठ्या कापडाच्या आत खळ राहिली असणार, भट्टीची वेळ मी कमी केली, तो म्हणाला, निर्णय माझा होता. कुणीतरी विचारलं, कुंभकोणमचं मत घेतलं होतं का? तो म्हणाला, घेतलं, पण घाई माझी होती, त्यांच्यावर तो भार मी टाकायला नको होता. मी ऐकत होते. माझा माइक चालू होता. एका वाक्याचं काम होतं. मी बोलले नाही. उलट मला राग आला — त्याच्या चांगुलपणाचा. त्याने मला भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही.

त्याला काढून टाकलं. थोड्या दिवसांनी कंपनीने कवचाचं कामच दुसऱ्या पद्धतीने करायचं ठरवलं, आणि आमचे माग थांबले. हे मी हिशेबात धरलं नव्हतं. पुण्यावर नेम धरला होता, दारासुरमला लागला. बायका परत घरी बसल्या.

सरोजाक्का एका सकाळी माझ्याकडे आली. बसली नाही. म्हणाली, ते मोठं कापड विणताना मध्ये एक धागा तुटला होता, मी गाठ मारली आणि पुढे गेले, तुला सांगितलं नाही. मग तिने विचारलं, "अंबुजा, त्या गाठीमुळे झालं का?"

गाठ! असल्या गाठी प्रत्येक कापडात असतात. त्यांनी काहीही होत नाही. मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. पण 'नाही' म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, मग कशामुळे?

मी म्हटलं, तसं काही सांगता येत नाही, अक्का.

तिने मान हलवली आणि गेली. रेशमाच्या मागावरही ती परत बसली नाही. माझा हात आता भरवशाचा नाही, असं सांगते म्हणे. पट्टीश्वरमच्या दुर्गेच्या देवळाबाहेर तिच्या भाच्याचं दुकान आहे, तिथे यात्रेकरूंना लिंबाच्या माळा विकत बसते. मी तिथे जाते. माळ घेते. ती मला दोन लिंबं जास्त ओवून देते.

आता अनिरुद्धचं पुढचं. मी टाळते आहे, तुमच्या लक्षात आलं असेल.

नोकरी गेल्यानंतर तो एकदा कुंभकोणमला आला. काही काम नव्हतं. शेडमध्ये गेला, थांबलेल्या मागांवरून हात फिरवला, बायकांच्या घरी जाऊन त्यांना भेटला. मग आमच्या घरी आला. फार वाळला होता. अप्पांच्या पाया पडला आणि त्यांच्या खुर्चीजवळ खालीच बसला. म्हणाला, काका, बोला ना काहीतरी. त्या दिवशी बोलला होतात तसं. बरं वाटेल मला.

अप्पा त्याच्याकडे बघत राहिले. तोवर ते बरेच थकले होते. मग त्यांनी माझ्याकडे वळून तमिळमध्ये सांगितलं, आणि ते काय म्हणाले ते मी आज पहिल्यांदा मराठीत मांडते आहे. ते म्हणाले — त्याला सांग, माझी मराठी ऐकून त्याला हसू येतं, म्हणून तुझ्या तोंडून सांगतो. तो पहिल्यांदा आला त्या दिवशी मला जितका आनंद झाला तितका माझ्या आयुष्यात थोड्याच वेळा झाला. हसला तर हसला, मुलगाच आहे. काम गेलं म्हणून एवढं खचू नये. त्याला म्हणावं, आज राहा. रात्री जेवू. थोडं थोडं बोलून बघतो, मला अजून येत असेल.

तो माझ्याकडे बघत होता. त्याला तमिळ येत नव्हतं. अप्पाही माझ्याकडे बघत होते.

"अप्पा थकलेत," मी त्याला मराठीत म्हटलं. "बोलवत नाही त्यांना. विश्रांती घेतो म्हणतात."

तो लगेच उठला. सॉरी म्हणाला. अप्पांना पुन्हा नमस्कार केला आणि चपला घालायला गेला. अप्पांनी विचारलं, काय म्हणाला? मी तमिळमध्ये सांगितलं, त्याची बस आहे, त्याला राहता येत नाही.

अप्पांना मराठी समजते हे मी विसरले होते का? मी काय बोलले ते त्यांनी ऐकलं होतं, शब्द न् शब्द. मला ते बोलताना भान नव्हतं, की होतं? त्यांनी मला अडवलं नाही. मोठ्याने दोन शब्द बोलून ते त्याला थांबवू शकले असते. ते माझ्याकडे बघत राहिले. फार वेळ. मग डोळे मिटून घेतले. त्यांनी यावर कधी एक शब्द काढला नाही, ना तमिळमध्ये, ना मराठीत. त्यांना किती कळलं होतं — फक्त तेवढंच, की सगळं — हे मला विचारायचं धाडस झालं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

तर, सूड ज्यांच्यासाठी घेतला असं मी समजत होते, त्यांना तो नको होता. हे मला त्या दुपारी कळलं. तुम्हाला वाटेल, मग मी विरघळले असेन. मलाही वाटलं होतं की असं काही होईल. अप्पांचं सगळं उरकल्यावर मी वाट पाहत होते, आता राग जाईल. गेला नाही. वर्षानुवर्षं सांभाळलेली गोष्ट, कारण संपलं तरी तिची सवय राहिली.

मागच्या वर्षी दुसऱ्या एका कंपनीची माणसं आली. त्यांचीही कुपी, त्यांनाही विणलेलं कवच हवं. शेड बघितली, माग बघितले. कवचाचं काम सांभाळायला माणूस शोधतो आहोत, म्हणाले. अर्ज आलेत, त्यात तुमच्या ओळखीचे एक आहेत, आणि त्यांनी अनिरुद्धचं नाव घेतलं. माणूस अनुभवी दिसतो, पण मागचं अपयश आहे त्यांच्या नावावर. तुम्ही त्यांच्याबरोबर काम केलंय, तुमचं मत काय?

शेडमध्ये आम्ही चौघंच होतो. चहा आला होता. कुणी मला घाई करत नव्हतं. अप्पा नव्हते, स्पीकरमधलं हसणं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला यातलं काही आठवलंही नव्हतं. तेव्हा राग म्हणता येईल असंसुद्धा काही माझ्या मनात नव्हतं. माझ्याजवळ सगळं चांगलं सांगण्यासारखं होतं. हुशार आहे, प्रामाणिक आहे, दुसऱ्याची चूक स्वतःवर घेणारा आहे. हे तिन्ही खरं होतं आणि मला ते ठाऊक होतं.

"हुशार आहेत," मी म्हटलं. "फक्त भट्टीच्या कामात घाई करतात."

त्यांनी माना डोलावल्या. त्यांतल्या एकाने चहाचा कप खाली ठेवला आणि मला नवीन कापडाची जाडी विचारली.

काम मला मिळालं. माग पुन्हा चालू आहेत, दारासुरमहून नव्या बायका येतात. कवचाला त्यांनी दुसरा कुणी घेतला आहे. खळ मी पूर्ण जाळते, कितीही वेळ लागो.

परवा अनिरुद्धचा फोन आला होता. तो अधूनमधून करतो. पुण्यात शिकवण्या घेतो सध्या. म्हणाला, मागच्या वर्षी एका ठिकाणी जवळजवळ झालं होतं, ऐनवेळी नाही म्हणाले, का ते कळलं नाही. मग म्हणाला, जाऊ दे, तुम्ही कशा आहात, अंबुजाताई?

मी बरी आहे, असं मी सांगितलं. आणि फोन ठेवून जेवायला बसले.